अपग्रेडआधी वसुधाच्या फाइली

४ ऑक्टोबर, शनिवार
आज सकाळी पुन्हा संगणकाने नोटीस बजावली. सलग अकरावा दिवस. निळी पाटी, मधोमध मजकूर : आपल्या यंत्राचा आधार लवकरच संपत आहे. खाली दोनच पर्याय, ‘आत्ता अपग्रेड करा’ आणि ‘नंतर आठवण करून द्या’. आपलं म्हणणं काय, असं विचारायची रीत नाही. तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं, पण नापास पोरांनासुद्धा मी इतकं तोंडावर सांगितलं नाही. आणि आधार संपल्याचं मला मार्चपासून माहीत आहे.
यंत्र वसुधाचं. घरी बसून मराठी टायपिंग करायची : लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका, स्मरणिका.
मुक्ताचा पुण्याहून फोन. “बाबा, पुढच्या रविवारी येते, करूनच टाकू. तोवर आईच्या फाइली पेनड्राइव्हवर काढून ठेवा. आणि प्लीज, काही डिलीट करू नका.” लेकीचा विश्वास दांडगा.

६ ऑक्टो., सोम.
शेजारचे पगारे आले. ओझरच्या कारखान्यातून निवृत्त. विमानांनंतर आता कॉलनीतले मिक्सर, पंखे, संगणक. संगणकाचा डबा उघडला आणि आत डोकावले. मग म्हणाले, “शास्त्रीबुवा, पूजा मशीनची करतात, मशीनच्या पोटात नाही.” पंख्यात हळदकुंकू. पंधरा दसऱ्यांचं. यंदा कुणी वाहिलं नाही.
ब्रशने सगळं साफ केलं. दर्शनी भागावरचं कुंकवाचं स्वस्तिक पुसायला फडकं उचललं, तेव्हा मी म्हटलं, “तेवढं असू द्या.” त्यांनी फडकं घडी करून खिशात ठेवलं.
रॅम वाढवायची, डिस्क बदलायची, मग नवी प्रणाली चढेल म्हणाले.

८ ऑक्टो., बुध.
फाइली काढल्या. शाळेने निवृत्तीला दिलेल्या लॅपटॉपवर उघडून पाहिल्या तर सगळा इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा. कंस, टक्के, उद्गारचिन्हं. पगाऱ्यांना हाक मारली.
“जुना फॉन्ट हो. आत अक्षरं इंग्रजीच, वर मराठीचं कातडं. ते या मशीनवर आहे, त्यावर नाही.”
“नव्या प्रणालीत?”
“चालेल, नाही चालणार. भरवसा नाही. महत्त्वाचं असेल ते आधी छापून घ्या.”
महत्त्वाचं कोणतं, ते उघडून बघितल्याशिवाय कसं कळणार. म्हणजे सगळंच उघडायचं.

९ ऑक्टो., गुरु.
दिवसभर लग्नं. अर्ध्या नाशकाची.
प्रत्येक फाइल दोनदा. वसुधा टाइप करायची, दुपारच्या चहाबरोबर प्रुफांचा गठ्ठा माझ्यासमोर ठेवायची, मी लाल पेनाने खुणा करून परत द्यायचो. मग ती दुरुस्त करून त्याच नावापुढे ‘-du’ लावून ठेवायची. मूळ प्रत कधी पुसली नाही. शिस्त.
मी वाचत नसे, तपासत असे. मजकुराकडे लक्ष गेलं की चुका निसटतात, हा माझा सिद्धांत. गठ्ठा परत घेताना ती हमखास विचारायची, “नवरीचं नाव काय होतं, सांगा बघू?” एकदाही सांगता आलं नाही. “धन्य हो पंडित!” म्हणून आत जायची.
आज नावं वाचली. चांगली नावं आहेत.

१० ऑक्टो., शुक्र.
‘tumhala’ नावाची फाइल. गेल्या वर्षीच्या ऑगस्टमधली. चारच ओळी.

तुम्हाला समोर बसून सांगायला गेले की तुम्ही आधी वाक्य सुधारता, म्हणून लिहून देते. श्रावण लागल्यापासून पोटात बारीक दुखतंय. जेवण जात नाही. एकदा दोघं डॉक्टरांकडे जाऊ या का? घाई नाही.

निदान डिसेंबरात झालं.
खाली ‘tumhala-du’. तोच मजकूर. एक स्वल्पविराम वाढलाय, एक अनुस्वार गेलाय.
म्हणजे कागद आला होता. लग्नपत्रिकांमध्ये. मी खुणा केल्या आणि परत दिला. आणि तिने त्या

११ ऑक्टो., शनि.
मूळ कागद शोधला. कपाट, माळा, रद्दी. नाही.
आठवायचा प्रयत्न केला. त्या महिन्यातल्या गठ्ठ्यांपैकी एकही आठवत नाही.
पगारे दारातून, “झालं का छापून?” म्हटलं, चाललंय. “चेहरा असा काय? जेवलात का?” म्हटलं, हो. थोड्या वेळाने त्यांच्या घरून डबा आला.
हॉस्पिटलात मुक्ताने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, “आईनं तुम्हाला आधी काहीच सांगितलं नव्हतं?” मी म्हटलं, एका शब्दाने नाही. खोटं बोललो नाही, खरंच तसं वाटत होतं. तेव्हापासून पोर आईवर रागावलेली आहे. येत्या मार्चमधल्या वर्षश्राद्धाचं बोलणं निघालं तेव्हाही, “लपवलं तिनं. आपल्याला परकं केलं.” आणि मी तिची समजूत घालत होतो. मी!

१२ ऑक्टो., रवि.
सकाळी दोन्ही फाइली पुसल्या. चहा केला. मग कचरापेटीतून परत काढल्या आणि छापल्या. दोन पानं टेबलावर पालथी ठेवली आहेत.
मुक्ताचा मेसेज : सिन्नर सोडलं. आईचं सगळं मीपण कॉपी करून घेणार.
तिच्यापुढे पानं ठेवायची की नाही, हा प्रश्न आता उरलेला नाही. आईवरचा राग उतरायला हवा. वाक्यं मात्र जुळवतोय सकाळपासून, आणि प्रत्येक वाक्य सुधारत बसलोय.
ती ओरडली, रडली तर चालेल. भीती त्याची नाही. ती दोन्ही पानं वाचेल, काही बोलणार नाही, अपग्रेड नीट करून देईल, जेवून जाईल. आणि दिवाळीला येणार नाही.