रत्नागिरीत हीटर कशाला?

३ नोव्हेंबर २०२४
आजपासून रोजनिशी. उद्या कोणी विचारलं, आपल्या आळीतला पहिला विमानवाला कोण, तर तारखा हाताशी असाव्यात.

उडवायचं लायसन रिटायर झाल्यावर काढलंच होतं, आज विमान ताब्यात आलं. चार सीट, एक इंजिन, सेकंड हँड, वय साधारण माझ्या लग्नाइतकं. विमानतळाशेजारी भाड्याच्या शेडमध्ये उभं केलंय. योगिनी बघून म्हणाली, एवढंसंच? बत्तीस वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढून चीफ इंजिनीअर म्हणून रिटायर झालेल्या माणसाला बायकोकडून हे ऐकावं लागतं.

संकल्प: जानेवारीत आप्पांना देवरूखकडचं आपलं गाव वरून दाखवणे. वडील शहाऐंशीचे झाले. जन्मभर किनाऱ्याच्या बोटींवर खलाशी. मला आजवर एकदाही शाब्बास म्हणालेले नाहीत. चीफ झालो तेव्हा म्हणाले, पगार येलेवर देतात ना? आता वरून घर बघितल्यावर कसे म्हणत नाहीत तेच बघतो.

१४ नोव्हेंबर
महिपत इन्स्पेक्शनला आला. विमानाचा लायसनवाला इंजिनीअर, पुण्याचा. सायलेन्सरला बारीक चीर सापडली. त्या सायलेन्सरवरूनच हीटरची गरम हवा केबिनमध्ये येते, चिरेतून धूर त्यात मिसळेल, नवा बसेपर्यंत उडवू नका म्हणाला. नवा यायला दोन महिने. मी विचारलं, रत्नागिरीत हीटर कशाला? इथे जानेवारीतही पंखा लागतो. तो हसला नाही. लिहून दिलं, मी सही केली. कागद फाईलला लावला.

१६ नोव्हेंबर
चीर मीच बुजवली. जहाजावरची पद्धत. उष्णता सोसणारं सिमेंट, त्यावर काचेच्या कापडाची पट्टी, वर क्लॅम्प. असाच पाइप बांधून आम्ही सिंगापूरहून मुंबईपर्यंत आलो होतो. महिपत तेव्हा शाळेत असेल.

२ डिसेंबर
सानिकाने पुण्याहून कुरिअरने डबा पाठवला. मुलगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, त्यामुळे तिला सगळीकडे विषच दिसतं. डबा कार्बन मोनॉक्साइड ओळखतो. अशा विमानात हा वायू शिरला तर आधी डोकं दुखतं, मग झोप येते, मग माणूस उठत नाही म्हणे. मी फोनवर सांगितलं, धूर मला नाकाने कळतो. ती म्हणाली, बाबा, त्याला वासच नसतो. म्हटलं, मला न कळलेला धूर अजून निघायचाय. तिने फोन ठेवला. हल्लीच्या मुलांना पेशन्स नाही.

८ डिसेंबर
टेस्ट फ्लाइट, गणपतीपुळ्यापर्यंत. हीटर बंद. तरी दहा मिनिटांत डबा बोंबलायला लागला. हीटर बंद असताना वाजतो म्हणजे डबाच खराब. उतरेपर्यंत डोकं ठणकलं, त्या आवाजाने.

१२ डिसेंबर
डब्याची शास्त्रीय परीक्षा घेतली. स्वयंपाकघरात गॅसच्या शेगडीजवळ चार दिवस टांगला. योगिनीने भाकऱ्या भाजल्या, बांगडे तळले, फोडणीने शेजारी खोकले. डबा ढिम्म. गॅसजवळ गप्प आणि विमानात बोंब! बिघाड सिद्ध झाला. बॅटऱ्या काढून टीव्हीच्या रिमोटला घातल्या. रिमोट उत्तम चालतो.

२९ डिसेंबर
महिन्यातलं चौथं उड्डाण, चौथ्यांदा डोकेदुखी. आज मळमळही. काल रात्रीची कोळंबी असणार. योगिनी म्हणते, कोळंबी मी पण खाल्ली. घरी येऊन तासभर पडवीत पडलो की बरं वाटतं. घरची हवा मानवते मला. संकल्प: कोळंबी बंद.

१२ जानेवारी २०२५, सकाळी ७.१०
आज आप्पांना नेतोय. आप्पा पहाटेपासून कोट आणि कानटोपी घालून तयार. शेडमध्ये विमानापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, गावच्या देवाला, देवीला, बारा वाड्यांच्या राखणदाराला. माझ्या लेकाचा हात सांबाल म्हणाले. हाताला काय झालंय माझ्या? नवा सायलेन्सर अजून आलेला नाही. पट्टी बघितली, ठीक वाटली.

१५ जानेवारी, हॉस्पिटल
आज जरा लिहिता येतंय. घडलं ते घडलं तसं लिहितो.

पाच हजार फुटांवर आप्पा म्हणाले, गारठलो रे मेल्या. मला अभिमान वाटला, कारण माझ्याकडे हीटर होता. खुंटी पूर्ण ओढली. केबिन छान ऊबदार झाली. आप्पांच्या गालांवर लाली आली. देवरूख मागे पडलं, मग आमचा कातळाचा सडा, त्याखाली घर, घरामागचा फणससुद्धा. बोटाने दाखवलं. आप्पा वाकून बघत राहिले आणि म्हणाले, शाब्बास. स्पष्ट म्हणाले. मग जांभई देऊन झोपले. या वयात झोप येतेच.

परत फिरलो. डोकं जड. विमानतळाचा माणूस म्हणतो, मी रेडिओवर एकच उत्तर तीनदा दिलं. मला एकदाच आठवतं. मग आप्पा झोपेतच माझ्या नव्या नकाशावर ओकले. फार वास आला म्हणून बाजूची खिडकी उघडली. विमान उतरवलं. जरा गवतात उतरलं.

डॉक्टर म्हणाले, त्या खिडकीने दोघं वाचलात. प्रसंगावधान, दुसरं काय.

१६ जानेवारी
सानिका आली. फक्त विचारलं, डबा कुठाय? योगिनीने पर्समधून काढून दिला. सानिकाने मागचं झाकण उघडून बघितलं आणि बंद केलं. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं होतं.

२० जानेवारी
महिपतचा फोन. म्हटलं, आता ऐकवून घेईल. त्याने नाही ऐकवलं. म्हणाला, साहेब, जहाजाच्या इंजिनरूमला खोलीएवढे ब्लोअर असतात, वर समुद्राचा वारा. तिथली पट्टी इथे कशी चालेल? इथे तुमच्या नाकापुढे हातभर हवा. हे मला माहीत होतं. बत्तीस वर्षं रोज ते ब्लोअर मीच चालू केले होते. फार लाज वाटली. त्याला म्हटलं, रेंज नाही.

३ फेब्रुवारी
विमान सील. लायसन जमा. चौकशीवाल्यांनी महिपतचा कागद दाखवला, खाली माझी सही. सही छान आलीय.

आप्पा घरी आलेत. स्वतःचं जुनं बायपासचं ऑपरेशन आठवतं, बोटींवरच्या म्होरक्या तांडेलांची सगळी नावं आठवतात. १२ जानेवारी आठवत नाही. गाऱ्हाणंही नाही, घरही नाही. डॉक्टर म्हणाले, तो वायू मेंदूला लागलाय, गेलेली आठवण आता परत येईल असं नाही. शिवाय त्या अवस्थेत माणसाला नसलेलं दिसतं, न बोललेलं ऐकू येतं. मी विचारलं नाही की हे ते आप्पांबद्दल बोलतायत की माझ्याबद्दल.

२३ फेब्रुवारी
डबा आता पडवीत खिळ्याला टांगलाय, नव्या बॅटऱ्या घालून. तिथे त्याला काही काम नाही.

आप्पा आज पुन्हा सहालाच कोट, कानटोपी घालून खुर्चीत बसले. रोजचा प्रश्न, मला इमानातनं कंदी न्हेतंस? रोज नेऊ म्हणतो, आज खरं सांगितलं. म्हटलं, नेलं होतं आप्पा. घर दाखवलं, मागचा फणस दाखवला. तुम्ही मला शाब्बास म्हणालात.

आप्पांनी कानटोपी वर सरकवून माझ्याकडे बघितलं. मग मान हलवली. म्हणाले, नाय रे. मी तसा नाय बोलायचा.