ठिपका गोलाच्या आत

सोमवार, ४ मार्च
आज आमच्या सर्जननी, जमदग्नींनी, हातोडी फेकली. मला नाही लागली, भिंतीचं प्लास्टर उडालं. गुन्हा काय, तर ऑपरेशनच्या टेबलाभोवती एक्स-रे मशीन फिरवायला मला चार सेकंद जास्त लागले! 'झोपलात का बाई?' शिशाचा एप्रन दोघंही घालतो, पण मशीन मी ढकलते. हे अर्थात इथेच लिहायचं. तिथे 'हो सर'.

मंगळवार, ५ मार्च
मान मोडलेला पेशंट आला. गोदामात पोती उचलणारा, रेड्यासारखा धिप्पाड. पिऊन जिन्यावरून पडला. पाय हलतात, उजवा हात मेलेला. चमचासुद्धा धरवत नाही. फोटोसाठी सरळ केला तर आईवरून शिवी हासडली मला. दुखत असेल, सोडून दिलं.

दारात बायको उभी. माझी बाही धरून एकच विचारलं — 'ताई, उजवा हात परत चालेल का हो?'
मी म्हटलं, 'न चालायला काय झालं! माझ्या मशीनखाली आहे तो.' बढाई मारायला काय जातंय.

बुधवार, ६ मार्च
मानेचं ऑपरेशन म्हणजे एकाच टेबलावर खाटीकखाना आणि सोनारकाम. पेशंट पालथा, डोकं खिळ्यांच्या पकडीत. मानेची खालची हाडं फोटोत खांद्यांआड लपतात, म्हणून खांदे पायांकडे ओढून चिकटपट्टीनं बांधले. ओढले कसले, लोंबकळलेच मी! मग कातडी फाडली, मांस बाजूला खेचलं, हाडात ड्रिल. माझ्या बुटांवर रक्त.

शेवटच्या हाडात आधी स्क्रूला वाट दाखवणारी तार घातली. आडव्या फोटोत झकास दिसत होती. जमदग्नींनी स्क्रू मागितला.
'सर, एक तिरका फोटो घेते.'
'नको.'
'सर, पण —'
'स्क्रू कोण घालतंय बाई, तुम्ही की मी?'

तिरक्या फोटोत स्क्रूची वाट समोरून दिसते, छोटा गोल. तारेचा ठिपका त्याच्या आत हवा. बाहेर गेला तर एकीकडे मेंदूला जाणारी रक्तवाहिनी, दुसरीकडे मज्जारज्जू आणि काठाला खेटून हाताची नस. मला ती बाही धरणारी आठवली. काय व्हायचं ते होवो! मशीन तिरकं केलं, पेडल दाबलं.

ठिपका बाहेर!

मग अख्खा ट्रे माझ्या पायाशी आदळला — चिमटे, रक्ताचे बोळे, सगळं. शिव्या घालत घालतच त्यांनी तार उपसली, नव्यानं घातली. तिरका फोटो. आत. स्क्रू. पुन्हा तिरका. आत!

जाताना माझ्याकडे न बघता म्हणाले, 'बरं केलंत.' जमदग्नी! आईला घरी येऊन तीनदा सांगितलं. चौथ्यांदा ती म्हणाली, 'जेव आता.'

शनिवार, ९ मार्च
बोटं हलली! मुद्दाम वॉर्डात गेले. त्यानं माझी दोन बोटं आवळली, सोडवून घ्यावी लागली. बाहेर येऊन बायकोला म्हटलं, 'हात चालणार! अगदी पहिल्यासारखा!' ती मटकन बाकावर बसली आणि हमसून रडायला लागली. मलाही भरून आलं. पाठीवर हात ठेवला तर केवढ्यानं दचकली! आनंदानं माणसाचं असंही होतं.

मंगळवार, १९ मार्च
जमदग्नींनी आज कात्री फेकली. सगळं सुरळीत.

मंगळवार, १४ मे
अकराचा पेशंट — बाई, डावा हात. तीच बाही धरणारी! कोपराखालचं, करंगळीच्या बाजूचं हाड मधोमध तुटलंय. पडलं की मनगट मोडतं. हे असं मोडतं डोकं वाचवायला हात आडवा धरला की. त्याच हाडावर जुनी जुळलेली खूण, वर्षाची तरी असेल.

'कशानं झालं?' तरीही विचारलं मी.
ती रागावलीसुद्धा नाही. म्हणाली, 'मी तुम्हाला उजव्या हाताचं आधीच विचारलं होतं ना, ताई.'