डाव्या तीरावरचा सातवा बोगदा

परमेश्वराच्या नावाने. मी, आलीयार, वडिलांचे नाव फरामर्झ, वय त्रेपन्न, राहणार इझे, हे शुद्धीत, कोणाच्या दडपणाशिवाय, स्वहस्ते लिहितो. शाळा पाचवीपर्यंत, बाकीचे खडकाने शिकवले. त्याची धूळ आता फुफ्फुसात आहे. डॉक्टरांनी सांगितले तेव्हा चहासाठी दातांत धरलेला साखरेचा खडा होता. तो विरघळेपर्यंत काहीच वाटले नाही. अजून वाटत नाही.

घर व डाळिंबाची बाग शरियतीच्या हिश्श्यांप्रमाणे. ज्यावर माझी मर्जी चालते त्या एक-तृतीयांशातून पत्नी नाजबस हिला वरची, उन्हाची खोली. मेहुणा हातम यास बंदूक. एकोणीस वर्षांपूर्वी त्याने मागितली, मी दिली नाही. लग्नात उडवू नये.

छिन्नी आणि मोजणीचे चारही डायल अभियंता फरंगीसबाईंना. जॅक देता येत नाही, तो कंपनीचा. कारण असे:

तंगे-बलूत धरणाच्या डाव्या तीरावर, सातव्या बोगद्यात, मी खडकावर पोलादी तबकडी ठेवून जॅकने दाब दिला व खडक किती दबतो ते मोजले. डायल ज्या तुळईवर बसवतात तिचे पाय तबकडीपासून निदान सहा हात लांब रोवायचे असतात. बोगदा अरुंद होता. मी जवळ रोवले.

"उस्ताद, हे पायही खडकाबरोबर खाली जातील. डायलला कळणारच नाही," फरंगीसबाई म्हणाल्या.

"बाई, माझी छिन्नी तुमच्यापेक्षा वयानं मोठी आहे. तुम्ही आकडा लिहा, म्हणजे झालं." कामगार हसले.

डायलने दाखवले चार दशांश मिलिमीटर. मी सही केली. कंपनीचे साहेब म्हणाले, आलीयारचा हात आहे, पुन्हा मोजायला नको. त्या आकड्यावर धरणाचा डावा खांदा, डोंगरात रुतलेली बाजू, टेकला आहे.

गेल्या हिवाळ्यात घरी गणित मांडले. खडक किमान दुप्पट दबला असणार, म्हणजे कागदावर आहे त्याच्या निम्माच टणक. कोणाला सांगितले नाही.

नवरोज नऊ दिवसांवर आहे, त्यानंतर धरणात पाणी भरायचे आहे. खाली दोन गावे आहेत, एकात हातमचे घर. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. पाणी तोवर थांबणार नाही. म्हणून या कलमाची नक्कल आजच फरंगीसबाईंच्या हाती दिली.

"उस्ताद, तुमचं नाव जाईल."

"जाऊ द्या. तुळई लांब घ्या."

आमच्यात शूर माणसाच्या कबरीवर दगडी सिंह बसवतात. माझा मी घडवून अंगणात ठेवला आहे. सातव्या बोगद्यात फेरमोजणी होईपर्यंत तो तिथेच राहावा. नंतर बसवायचा की नाही, ते फरंगीसबाई सांगतील.

सही: आलीयार. इझे, २१ इस्फंद १३८९.

साक्षीदार: फरंगीस, अभियंता.

हातम, मेहुणा. वाचून दाखवल्यावर म्हणाला, "बंदूक राहू दे. तुळईचे पाय किती जवळ होते, ते सांग." मी सांगितले, एक हात. मग त्याने सही केली.