वास नसलेलं पाणी

सोमवार, संध्याकाळ

सकाळी नळाला पाणी आलं, पण ब्लिचिंगचा वास नव्हता. म्हणजे टाकीत पावडर पडलीच नव्हती.

बाबा इथल्या टाकीवर कामाला होते, तेव्हा हा वास आमच्या घरातलाच होता. त्यांच्या हाताला, दुपट्ट्याला, त्यांनी भरवलेल्या भाकरीच्या घासालाही. आई कुरकुरायची. बाबा म्हणायचे, "वास येऊन राह्यला ना? मंग बिनघोर पे." शाळेच्या फाटकाशी मात्र मी त्यांचा हात सोडून द्यायचे, मैत्रिणी नाक मुरडतील म्हणून. काऊन सोडायचे मी? आज तो वास पुन्हा मिळाला असता तर!

शेजारच्या शांताकाकूंना म्हटलं, "आज उकळूनच प्या." त्या हसल्या. "काऊन व? आज तं पाणी गोड लागून राह्यलं."

मग शाळेत शिकवायला जाण्याआधी टाकीवर गेले. तिथल्या माणसानं आधी उडवून लावलं, मग खाली बघत म्हणाला, "पावडर कालच संपली, ताई. वर सांगितलं. पाणी बंद केलं तं लोकं मारतीन." मी म्हटलं, "मंग लोकायलेच सांगू." आमचं गाव दोन भाषांचं; कचऱ्याच्या गाडीच्या भोंग्यावरून "पाणी उकळून प्या" असं त्यानं तेलुगूत सांगितलं, मी मराठीत. उद्या पहिल्या बसनं आदिलाबादहून पावडर आणतो म्हणाला.

मघाशी काकू दारात आल्या. चेहरा उतरलेला. सुनेला सातवा महिना आहे. "किती वेळ उकळू व?" त्यांना आत घेतलं, पातेलं ठेवलं आणि खळखळ उकळी येईपर्यंत आम्ही दोघी गॅसपाशी उभ्या राहिलो.