लंडन आणि यशूची झोप

गुरुवार, १२ फेब्रुवारी. स. ६.४०
कंपनीची बस यायला पंचवीस मिनिटं. डायनिंग टेबलावर फूटपट्टी घेऊन वहीत रकाने आखत होतो. वार, उठायची वेळ, कुठून, कुठे, चालणं किती, जेवण, यशूची झोप.

काल संदीपचा फोन. रूपालीचा भाऊ, सहा वर्षं जर्मनीत, न्यूरेंबर्गला. म्हणाला, मे महिन्यात सगळे याच, एक खोली रिकामी आहे. त्याला सुट्टी नाही, इकडे येणं होत नाही. सासूबाई गेल्या तेव्हाही पोहोचला नाही. मामा, म्हणजे सासरे, लगेच म्हणाले, तिकिटं माझ्याकडून. ओझरच्या कारखान्यातून रिटायर होताना मिळालेले पैसे बँकेत तसेच आहेत. प्लॅन कोणी करायचा? सगळे माझ्याकडे बघायला लागले. "दिनेश कामात बारीक आहे."

रूपालीने वहीत डोकावलं. "झोपेला वेगळा रकाना?"
साडेतीन वर्षांची पोरगी. तिची झोप बसली तर प्लॅन बसला. नाहीतर सगळं फुकट.

रवि., १५ फेब्रु.
प्रत्येकाला विचारलं, काय बघायचं. चूक केली.
रूपाली: बर्फ. पॅरिसचा टॉवर. तुळशीबागेत नेल्यासारखं पळवू नका.
संदीप (फोनवर): "दाजी, इकडच्या ट्रेन मस्त असतात. चार तासांत कुठंही." त्याला मूल नाही. चार तास त्याला थोडे वाटतात.
मामा: शेजारचे खंडारे काका मागच्या वर्षी अकरा दिवसांत नऊ देश करून आले. "तो नऊ करतो आणि आपण दोन? लोक काय म्हणतील?" मग देश मोजायला लागले. इटली, स्विस, लंडन, हॉलंड.

अकरा दिवस भागिले नऊ देश. एका देशाला सव्वा दिवसही येत नाही. सकाळी सहाला बस. खंडारे काकांना विचारलं, काय आवडलं? म्हणाले, "हॉटेलचा नाश्ता." बाकी बसमध्ये झोपले होते.

शुक्र., २० फेब्रु.
लंडनचा व्हिसा वेगळा. आज कळलं. जर्मनीच्या व्हिशावर एकोणतीस देश फिरता येतात, त्यात लंडन नाही. वेगळा अर्ज, वेगळी फी, बोटांचे ठसे पुन्हा.
मामांना सांगितलं.
"वेगळा कसा? युरोपातच हाये ना?"
नकाशा काढून दाखवला. तीनदा सांगितलं. शेवटी पट्टी ठेवली आणि लंडनवर रेघ मारली. मामा उठून गॅलरीत गेले, कुंड्यांना पाणी घालायला. सकाळी घातलंच होतं.

रूपालीने स्वयंपाकघरात बोलावलं. लाटणं हातात.
"तुम्हाला समजत नाही का, त्यांना लंडन कशाला पाहिजे?"
हॉलमध्ये ज्यांचा फोटो आहे, ते शिकायला गेले तेव्हा राहिले ते घर. कॉलनीतले दोघं जाऊन आले. दारासमोर उभं राहून काढलेले त्यांचे फोटो विहारात लावलेत. मामा दर रविवारी बघतात.
मला ते माहीत नव्हतं असं नाही. रकाने भरताना डोक्यात आलं नाही. मी आयटीआय अर्धवट सोडलेला माणूस. शिकायला समुद्र ओलांडलेल्या माणसाच्या घरावर मी रेघ मारली. पण दिवस बारा, त्यातले दोन विमानात, आणि पोरगी साडेतीन वर्षांची. हे कोणी का मोजत नाही?

रवि., १ मार्च
कंपनीत फर्स्ट पीस पास झाल्याशिवाय लॉट सुरू करत नाहीत. मशीनवर एक नग काढायचा, मापं घ्यायची, सही झाली तर पुढचे पाचशे. इकडे आम्ही फर्स्ट पीस न काढता चार माणसं विमानात बसवणार. म्हणून आज ट्रायल. आठ किलोची बॅग भरून चौघं निघालो. नाशिकरोडहून शहर बस, द्वारकेला बदलायची, पाथर्डी फाटा, पुढे पायी, पांडवलेणी चढायची. (मामा त्रिरश्मीच म्हणतात.) नंतर बाहेर जेवण, नंतर गंगापूर रोडला बाग. पॅरिसच्या अर्ध्या दिवसाइतकं.

कंडक्टर: "पाहुणे, एवढी बॅग? लेणीत मुक्काम का काय?"
मामा: "जावयाला विचारा. आम्ही आज पॅरिसला चाललोय."

८.१० निघालो. ८.२५ पाणी. ८.४० शू, म्हणून मधेच उतरलो, पुढच्या बसला वीस मिनिटं. ९.५० पायथ्याशी. १० वा. पायऱ्या. चौसष्ट मोजल्या, मग यशू माझ्या खांद्यावर. १०.२० एक कुत्री, तीन पिल्लं. तिथून पोरगी हलेना, पस्तीस मिनिटं. मामा गुडघा धरून पायरीवर बसले. ११.३० भूक, डबा नको, वरणभात पाहिजे. ११.५० रडारड. १२.२० बसमध्ये झोपली ती अडीचपर्यंत. द्वारकेच्या स्टॉपवर बाकावर बसून राहिलो, माझा उजवा हात मेला. लेणी कोणीच बघितली नाही. बाग रद्द.

मामा म्हणाले, "पिल्लं मात्र बघितली तिनं. तिचा पैसा वसूल."
फर्स्ट पीस रिजेक्ट. शेरा: दिवसाला एकच ठिकाण, बारा वाजायच्या आत. प्रवासाच्या दिवशी दुसरं काही नाही. दोनपेक्षा जास्त गावं नाहीत.
रूपालीला शेरा वाचून दाखवला. ती म्हणाली, "म्हणजे यशूने ठरवलं." बरोबर. कोणीतरी ठरवलं.

सोम., ९ मार्च
मामांनी चाळीस हजार भरलेत. एका टूरवाल्याकडे. नऊ देश, अकरा दिवस. शुक्रवारी एकटेच जाऊन आले, आज जेवताना सांगितलं. "सगळ्यांची सीट पक्की केली. आता तुझं आखणं बंद कर."
संध्याकाळी त्यांना घेऊन ऑफिसात गेलो. चार पानी पत्रक तिथेच उभं राहून वाचलं, बारीक अक्षरातलं सुद्धा. रोज सहाला नाश्ता, सातला बस. एक दिवस साडेसहा तास बसमध्येच. आणि नऊ देशांत लंडन नाही.
मामा: "हाये की. हे काय, वर फोटोच हाये." पहिल्या पानावर ते घड्याळ, तो पूल.
काउंटरवरची मुलगी, आवाज अगदी गोड: "काका, कव्हरला फक्त डिझाईन असतं."
अॅडव्हान्स परत मिळणार नाही. सहीच्या वर लिहिलंय.

पस्तीस वर्षं या माणसाने विमानाचे पार्ट तपासले. ड्रॉइंग वाचल्याशिवाय नग पुढे सोडला नाही. आणि चाळीस हजारांच्या कागदावर फोटो बघून सही.
बाहेर रस्त्यावर मोटारसायकलपाशी आल्यावर बोललो, बोलायला नको होतं तसं. "मामा, वाचायचं तरी होतं."
ते म्हणाले, "तू रेघ मारली. म्हटलं, तुझ्या वहीत नाय बसत तर माझं मी बघतो. विचारलं असतं तर तू परत नकाशा काढला असता."

मंगळ., १० मार्च
कामात लक्ष नाही. मशीनमध्ये ऑफसेट, म्हणजे मापाचा आकडा, चुकीचा टाकला, दोन नग भंगारात. सुपरवायझर म्हणाला, "काय रे, बारीक माणसा?"
राग कोणाचा येतोय कळत नाही. मामांचा, टूरवाल्याचा, संदीपच्या मस्त ट्रेनचा. सगळ्यात जास्त त्या नकाशाचा.

दुपारी कँटीनमध्ये नवीन पान. प्रवास २. न्यूरेंबर्ग ६. लंडन ३. मधे एक दिवस मोकळा, कोणी आजारी पडलं तर. एकूण बारा. लंडनच्या तीन दिवसांत काम एकच, ते घर. सकाळी दहाला. बाकी वेळ बागेत, यशू झोपली तर झोपली.

रूपालीला दाखवलं.
"माझं काय काय काढलं?"
"बर्फ. टॉवर."
"आणि तुमचं?"
"माझं काही नव्हतंच."
"तेच तर. ज्याचं काही नसतं त्याच्या हातात कात्री बरी चालते."
मग पान परत दिलं. "ठीक आहे. पण पप्पांना तुम्ही सांगायचं. मी नाही."
सांगितलं. मामांनी चष्मा लावून पान दोनदा वाचलं, खालच्या शेऱ्यासकट. यशूला म्हणाले, "चल, तुला खाली फिरवून आणतो." चपला न घालताच निघाले होते.

मंगळ., १७ मार्च
रजेचा अर्ज. मॅनेजर: "युरोप? अरे, तू कधी मनमाडच्या पुढे गेलास का?"
बारा दिवस मागितले, दहा दिले. उरलेले दोन बिनपगारी. सही घेऊनच बाहेर आलो, शिक्का स्वतः बघून.

मंगळ., २४ मार्च. मुंबई
व्हिसा सेंटर. पहाटे निघालो. यशू इगतपुरीच्या आधीच ओकली. दुसरा फ्रॉक होता, तिसराही होता.
काउंटरवरच्या बाईने माझा तक्ता उलटून पाहिला. "हे तुम्ही केलं?" वाटलं काहीतरी चुकलं. म्हणाली, "बहुतेक लोक एक ओळ लिहितात." यशूच्या झोपेचा रकाना मी इंग्रजीतही ठेवला होता. ती हसली. तक्ता बाजूला ठेवला आणि तिकिटं मागितली. दीड महिना आखलेलं तिने दहा सेकंदांत बाजूला ठेवलं.
पासपोर्ट त्यांच्याकडे राहिले. पायऱ्या उतरताना डोक्यात वीज चमकली. लंडनच्या अर्जालाही हेच पासपोर्ट लागणार. हे परत येईपर्यंत तो अर्ज होणार नाही. कसं सुटलं माझ्याकडून? दोन्ही कामं शेजारशेजारच्या रकान्यांत लिहिली होती. एकाखाली एक लिहायला हवी होती.

शनि., ४ एप्रिल
पासपोर्ट नाहीत. संदीप म्हणतो, "येतील दाजी, टेन्शन घेऊ नका." टेन्शन घ्यायला दुसरं कोणी आहे का?
मामा रोज दारात विचारायचे, आले का? आज विचारलं नाही.

रवि., १२ एप्रिल
परवा जयंती. सकाळी विहारात मीटिंग, मंडप आणि जेवणाचं ठरवायला. मीही खुर्च्या मोजायला गेलो होतो. खंडारे काकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय, लंडनचं कुठवर आलं?" मामा म्हणाले, "जावयाने कागद बनवलेत. बघू." इतकंच. पण ताठ बसून म्हणाले. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

घरी येताना मात्र म्हणाले, "दिनेश, लंडन राहू दे. लेकराचे हाल नको. संदीपला भेटलो की झालं."
मी भडकलो. रस्त्यात. "मामा, आता राहू दे म्हणायचं नाही. आठ वेळा पान आखलंय. रूपालीचा बर्फ गेला त्यात. तुम्ही राहू दे म्हणालात तर तो कशासाठी गेला?"
मामा म्हणाले, "बरं बरं. ओरडू नको. लोक बघतात."

८ मेला विमान. लंडनचा व्हिसा तीन आठवडे घेतो म्हणतात. पासपोर्ट गुरुवारपर्यंत आले तर जमतं, एक दिवस उरतो. शुक्रवारी आले तर अगदी काठावर. सोमवारी आले तर नाही. व्हिसा नाही आला तर लंडनचे तीन दिवस न्यूरेंबर्गलाच. ते पान अजून आखलेलं नाही.

आजपर्यंत खर्च:
टूरवाला, बुडीत ४०,०००
मुंबई-फ्रँकफर्ट जाऊन येऊन, चौघे २,६८,०००
जर्मनीचा व्हिसा, तिघांचा (यशूला फी नाही) ३५,४००
विमा ६,२००
मुंबई वारी, जेवणासह २,९५०
बाबागाडी, जुनी २,५००
एकूण ३,५५,०५०. पैकी मामांचे ३,०८,०००, माझे ४७,०५०.
देणे: कंपनीच्या पतपेढीची उचल ५०,०००, जूनपासून पगारातून.
लंडनचा व्हिसा, चौघांचा: भरलेला नाही. पैसे वेगळ्या पाकिटात, मामांच्या कपाटात. पाकीट त्यांनी स्वतःहून काढून ठेवलंय, मला आज रूपालीकडून कळलं.