दातांच्या भट्टीत भाजलेले घड्याळ

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, नकली दात व कवळ्या बनवण्याच्या कामातून निवृत्त, विधवा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघ्यांबद्दल तसे म्हणता येणार नाही, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत.

१. राहते घर सामानासकट मुलीला द्यावे. बँकेतील ठेव मुलाला. त्याची याला संमती आहे. निदान फोनवर तसा आवाज होता.

२. दातांच्या प्रयोगशाळेतून निवृत्त होताना घरी आणलेली, मागच्या खोलीतली छोटी भट्टी, कोरण्या आणि भिंग तिथल्या माझ्या जुन्या मैत्रिणीला. भट्टीचे दार किंचित उचलून लावावे लागते, हे तिला सांगावे. या भट्टीत मी आयुष्यभर लोकांचे दात भाजले, आणि एक घड्याळ. त्यावरून पुढे मुलांत रुसवाफुगवी होईल, म्हणून त्याची हकीकत इथेच लिहिते.

माझे पती बस आगारात गाड्यांची घोषणा करत. दिवसभर लोकांना वेळा सांगायच्या, आणि स्वतःच्या मनगटावर फुटक्या काचेचे घड्याळ. घरी येताना आम्ही घड्याळांच्या मोठ्या दुकानापुढे थांबायचो. काचेमागे एक होते: सोनेरी, नाण्यासारखे पातळ, पांढरी तबकडी, दोनच काटे. एकदा हे धीर करून आत गेले. विक्रेत्याने ते यांच्या मनगटावर बांधले, मग त्याची नजर यांच्या चपलांवर गेली आणि त्याने ते लगेच सोडवून घेतले. हे ते मनगट दुसऱ्या हातात धरून घरापर्यंत चालत आले. "हलकं होतं गं," एवढेच म्हणाले.

ते विकत घेणे आमच्या आवाक्यातले नव्हते. मी ठरवले, आपण बनवायचे.

कोपऱ्यावरच्या घड्याळजींनी खणातून चावीचे एक जुने, पातळ यंत्र काढून दिले. "बाई, हे चालेल. पण याचं कवच कोण करणार?"

"दाढेची टोपी करते तीच करेल," मी म्हटले.

मेणाचा नमुना केला, त्यावरून साचा घेतला आणि प्रयोगशाळेच्या मालकांनी दिलेला उरलासुरला पिवळा धातू त्यात ओतला. तबकडी मात्र रडवत होती. दातांची चिनीमाती दातापुरती गुणी. पसरट थापली की निवताना तडकायची. भट्टीपुढे बसून मी तो बारीक आवाज ऐकायचे आणि पुन्हा पहिल्यापासून कामाला लागायचे. अखेर धातूच्या चकतीवर पुढून आणि मागूनही लेप दिला, तेव्हा ती धड बाहेर आली. रंग अगदी वरच्या पुढच्या दातांचा. यांनी उजेडात धरून पाहिली. "हसतंय की गं हे!"

कंपनीचे नाव असते तिथे काय लिहू, असे मी विचारले.

"मोकळं राहू दे. नाव लिहिलं की लोक किंमत विचारतात."

३. नणंदबाईंसाठी मी काहीही ठेवलेले नाही. भाच्याच्या लग्नात, भरल्या मांडवात, त्यांनी यांचा घड्याळाचा हात वर धरून "नक्कल आहे हो, नक्कल!" असे सांगितले होते. हे शांतपणे म्हणाले, "नक्कल दुकानात आहे, ताई. हे असं एकच आहे." माझा राग मात्र अजून शाबूत आहे, आणि तो मी माझ्याबरोबर नेत आहे.

४. पुढे यांच्या घशाचे ऑपरेशन झाले आणि आवाज गेला. मला कामावर उशीर झाला की हे प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभे राहायचे आणि मनगट वर करायचे. चल, एवढाच त्याचा अर्थ. मी मान वर न करता म्हणायचे, "आले, आले." हे गेल्यावरही आगारात काही काळ यांच्या आवाजातली जुनी टेप लावत. मी कुठेही न जाता बाकावर बसून यायचे. मग एका सकाळी दुसराच आवाज आला, चांगला स्पष्ट. मी आत जाऊन विचारले. टेप पुसली गेली आहे. मुलीचेही विचारून झाले आहे; तिने पुन्हा चौकशीला जाऊ नये, जिवाला लागते.

५. घड्याळ मुलाला द्यावे. बाळे, तू रागावशील; वडिलांचे सारे तूच केलेस. पण तुझ्या भावाचा आवाज फोनवर हुबेहूब यांच्यासारखा येतो, हे त्याला ठाऊक नाही आणि तुला आहे. तुझा चेहरा मी पाहिला आहे. म्हणून अट अशी: घड्याळाला रोज चावी द्यावी लागते. चावी देताना मुलाने बहिणीला फोन करून किती वाजले ते सांगावे. तिच्याकडे घड्याळे आहेत. तरीही सांगावे. घड्याळ काचेत मांडून ठेवू नये, विकू नये.

६. आज हा कागद लिहिताना मी ते पहिल्यांदाच स्वतःच्या हाताला बांधले आहे. पट्ट्याला यांच्या मापाचे एकच भोक आहे. घड्याळजी समोर बसले आहेत. म्हणाले, "बाई, तुमच्या मापाचं एक भोक पाडून देऊ?"

"नको," मी म्हटले. सैलच राहू दे.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझाच आहे.

सही: (मृत्युपत्र करणारी)

साक्षीदार १: घड्याळजी (सही)
साक्षीदार २: वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई (सही)

स्थळ: राहते घर, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: १४ नोव्हेंबर

सहीखालचा फराटा खोडाखोड समजू नये. घड्याळ घसरून ओल्या शाईवर टेकले, आणि मी हात थोडा वेळ तसाच राहू दिला.