वॅफलचा डावा कान

१ जून, सकाळ
आजपासून रोज साडेपाचला उठणार. आमची लेक लीनिया, वय बारा, जुलैत कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, जत्रेत स्पर्धेला ससा दाखवणार आहे. गेल्या वर्षी परीक्षकासमोर ससा उताणा करताना त्यानं टेबलावरून उडी मारली आणि ही बाई गोठ्यामागे जाऊन रडली. यंदा ससा हाताळायच्या स्पर्धेत पहिली आली तर राज्याच्या जत्रेला, मिलवॉकीला. पोरीला दुसरं काही सुचत नाहीये. तिला कोच हवा. कोच मी.

२ जून, सव्वासात
उठायला उशीर. कोचची झोप नीट व्हायला हवी.

६ जून
वॅफलला उचलायचा पहिला धडा. वॅफल म्हणजे ससा. चॉकलेटी, मखमली, खुनशी. लीनिया म्हणते, त्याचं डोकं आपल्या काखेत खुपसायचं, अंधार झाला की गप्प राहतो. मी म्हटलं, त्यालाही जरा जग दिसू दे. त्याला जग दिसलं, मला ओरखडे. आयोडीन लावताना माझ्या बायकोनं, म्हणजे जोडीनं, विचारलं की नक्की कोण कोणाला शिकवतंय. बायकोला खेळातलं कळत नाही.

७ जून
विश्रांती. हात दुखतोय.

१९ जून
ससा उताणा करायचा, दात, नखं, पोट दाखवायचं, आणि हे सगळं परीक्षकाला समजावून सांगत. लीनियाला सुरेख जमतंय. माझ्या सूचनांमुळेच. मी बोलत असताना तिनं हेडफोन लावले होते, पण मुलांच्या मनात झिरपतंच.
मग मी करून दाखवलं. वॅफल फ्रिजमागे गेला. फ्रिज हलवायला शेजारी बोलवावा लागला.

१७ जुलै
उद्या जत्रा. कानावर नंबर गोंदायचा राहिलाय, आणि नंबराशिवाय ससा टेबलावर घेत नाहीत. ससेवाल्यांच्या क्लबच्या टोलेफसनबाई फोनवर म्हणाल्या, आणा इकडे, दोन मिनिटांचं काम, नवखे हमखास चुकतात. मी म्हटलं, बाई, आमचा जन्म छापखान्यात गेला, शाईचं आम्हाला नका सांगू.
लीनिया पिंजरा सजवायला मैदानावर गेली होती. जोडीनं ससा टॉवेलात गुंडाळून धरला. नियम एवढाच की नंबर डाव्या कानात हवा. वॅफलच्या समोर खुर्ची टाकली, माझ्या डाव्या हाताचा कान धरला, आकड्यांच्या सुयांचा चिमटा दाबला, शाई चोळली. आकडे कसे टपोरे उठले! ससा लगेच पिंजऱ्यात, पिंजरा गाडीत. लोक टोलेफसनबाईंना उगाच भाव देतात.

१८ जुलै, सकाळी दहा
परीक्षकबाईंनी वॅफलचा डावा कान पाहिला. मग उजवा. मग बाद.
डावा म्हणजे सशाचा डावा म्हणे. असं असेल तर नियमात ठळक छापायला नको? जोडीनं नियमांचं पुस्तक काढून दाखवलं. ठळकच छापलंय.
लीनिया रडली नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. फार वाईट वाटलं. तिच्यासाठी तळलेलं चीज आणलं. तिनं घेतलं नाही, म्हणून मीच संपवलं.

साडेबारा
हाताळणी दुपारी. तिथे गुण पोरांना, सशाला नाहीत, त्यामुळे बाद ससाही चालतो. शेवटच्या काही युक्त्या सांगायला गेलो. लीनियानं मला खांद्याला धरून बाकावर बसवलं. वॅफलला बसवते तसंच. इथून हलायचं नाही, बाबा, म्हणाली.
हललो नाही.

संध्याकाळ
पहिली आली. मिलवॉकी!
ससा काखेत घेऊन आली, उताणा केला, हूं नाही की चूं नाही. दात दाखवले, नखं दाखवली. मग स्वतःहूनच कान उलगडून म्हणाली, हा नंबर चुकीच्या कानात आहे, सकाळी याच्यामुळेच आम्ही बाद झालो. परीक्षकबाई खूश. बाकीची पोरं म्हणे आपल्या सशाचे दोष लपवत होती. त्यांनी विचारलं, पण गोंदलं कोणी?
लीनिया म्हणाली, आमच्या घरात एक जण अजून शिकतोय. मन लावून करतो, फक्त कोणाचं ऐकत नाही. त्याला रागावू नका.
अख्खा मंडप हसला. मीही हसलो, सगळ्यात मोठ्यानं. शेजारी बसलेल्या बाई अगदी मायेनं म्हणाल्या, धाकटा ना हो तुमचा? केवढा आहे?
मी म्हटलं, सहा वर्षांचा.